रोम लुटलं गेलं आणि बिशपनं व्हर्जिल काढला

इ.स. ४१०च्या २४ ऑगस्टला गॉथ या जर्मानिक टोळ्यांचा राजा ॲलरिक याचं सैन्य सालारियन वेशीतून रोममध्ये घुसलं. तीन दिवस लूट चालली. लष्करी हिशेबानं पाहिलं तर हा पराभव फार मोठा नव्हता. सम्राट होनोरियस तिथे राहतच नव्हता. दरबार काही वर्षांपूर्वीच दलदलीच्या आडोशाला, राव्हेनाला हलला होता. तीन दिवसांनी गॉथ निघून गेले, शहर उभंच राहिलं आणि पश्चिमेकडचं साम्राज्य पुढेही साठेक वर्षं रखडत चाललं. पण इ.स.पूर्व ३९०च्या सुमारास गॉल टोळ्यांनी रोम जाळलं होतं, त्यानंतर जवळपास आठशे वर्षं परकं सैन्य या शहरात शिरलं नव्हतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल यालाही ते जमलं नव्हतं. बेथलेहेमच्या मठात बसून बायबलवर भाष्य लिहिणाऱ्या जेरोमला ही बातमी कळली तेव्हा त्याच्यासारख्या तिखट लेखकालाही रडू आवरेना. ज्या शहरानं सगळं जग जिंकलं तेच जिंकलं गेलं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

ॲलरिक काही अचानक उगवला नव्हता. ४०८मध्ये त्यानं पहिला वेढा घातला तेव्हा रोमनं खंडणी मोजून सुटका करून घेतली होती. इतिहासकार झोसिमसनं त्या खंडणीची यादी दिली आहे: ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, ३,००० किरमिजी कातडी आणि ३,००० पौंड मिरी. ही मिरी आपल्या मलबारची. समुद्रामार्गे इजिप्तला आणि तिथून रोमला जायची. पैसे पुरेनात म्हणून देवळांतल्या मूर्तीही वितळवल्या, त्यात शौर्याच्या देवतेची मूर्ती होती. झोसिमस जुन्या देवांना मानणारा होता. तो म्हणतो, त्या मूर्तीबरोबर रोमकरांकडे उरलंसुरलं शौर्यही गेलं.

लुटीनंतर लोक जे बोलू लागले, त्याची सुरुवात इथेच आहे. काँस्टंटाईननं ३१३ साली ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, ३८०मध्ये थिओडोसियसनं तोच साम्राज्याचा धर्म ठरवला आणि ३९१पासून जुन्या देवांच्या यज्ञबळींवर बंदी आली. त्यानंतर वीस वर्षांच्या आत रोम लुटलं गेलं. मग जुन्या धर्माच्या माणसानं सरळ हिशेब मांडला: ज्या देवांनी हे शहर आठशे वर्षं राखलं त्यांचं नैवेद्य-पाणी तुम्ही बंद केलंत, आता भोगा. ख्रिस्ती लोकांची अडचण तर याहून वाईट होती. सम्राट ख्रिस्ती झाला म्हणजे देवाची योजना पुरी होत आली, असं त्यांचे विद्वान शंभर वर्षं सांगत आले होते. काँस्टंटाईनचा चरित्रकार युसेबियस तर साम्राज्य आणि ख्रिस्ताचं राज्य जवळजवळ एकाच पाटावर बसवत होता. आता त्या पाटाचा एक पाय मोडला होता. आपलेच लोक विचारत होते की प्रेषित पेत्र आणि पौल यांच्या कबरी या शहरात असताना हे घडलंच कसं?

या प्रश्नाला सर्वांत दीर्घ उत्तर ज्यानं दिलं तो रोममध्ये नव्हताच. तो, म्हणजे ऑगस्टिन, समुद्रापलीकडे आफ्रिकेत, हिप्पो नावाच्या बंदरात बिशप होता. आज ते गाव अल्जीरियात आहे, नाव अन्नाबा.

ऑगस्टिनचा जन्म ३५४चा, थागास्ते या आडगावातला. आई मोनिका ख्रिस्ती, बाप पॅट्रिशियस बराच काळ जुन्या धर्माचा. पोरगा हुशार, म्हणून घरच्यांनी ओढाताण करून शिकवला. त्या काळी शिकणं म्हणजे मुख्यतः रोमचा महाकवी व्हर्जिल पाठ करणं. ट्रॉय पडल्यावर एनियस बापाला खांद्यावर घेऊन निघतो, कार्थेजला राणी डायडोच्या प्रेमात पडतो, तिला सोडून इटलीला जातो आणि रोमच्या पायाचा दगड बसवतो, ही 'इनीड'ची कथा. बारा सर्गांचं हे महाकाव्य रोमन पोराच्या अंगात भिनलेलं असायचं. पुढे आत्मचरित्रात ऑगस्टिन स्वतःवर चिडून लिहितो की डायडो प्रेमापायी मेली म्हणून मी रडायचो, आणि देवापासून तुटून मी स्वतः मरत होतो त्याचं मात्र काही वाटत नव्हतं. चिडला खरा, पण डायडो त्याच्या डोक्यातून कधी गेली नाही. ग्रीक त्याला नको वाटायचं. लॅटिनवर मात्र असं प्रभुत्व की ३८४ साली मिलानमध्ये, म्हणजे तेव्हाच्या दरबारी शहरात, वक्तृत्वाचा अध्यापक म्हणून त्याची निवड झाली. निवड करणारा होता रोमचा नगरप्रमुख सिमॅकस, जुन्या धर्माचा सर्वांत सभ्य वकील. सिनेटच्या सभागृहातली विजयदेवतेची वेदी परत मांडावी म्हणून त्याच वर्षी त्यानं सम्राटाला अर्ज लिहिला, आणि त्यात म्हटलं की एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेनं पोचता येत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे वाक्य चटकन घरचं वाटेल. सिमॅकसनं ज्याला नोकरी दिली तो तीन वर्षांत बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. बाप्तिस्मा दिला तो सिमॅकसच्या अर्जाला कडाडून विरोध करणाऱ्या बिशप अँब्रोजनं.

रोम पडल्यावर शहरातले धनिक जहाजं भरून आफ्रिकेत आले. त्यांतले काही कार्थेजला उतरल्या उतरल्या नाट्यगृहात जाऊन बसले, असा टोला ऑगस्टिननं हाणला आहे. त्यांच्याबरोबर तक्रारही आली. मार्सेलिनस नावाचा एक ख्रिस्ती सरकारी अधिकारी ऑगस्टिनचा मित्र होता. सुशिक्षित, पण ख्रिस्ती न झालेल्या मंडळींत त्याची ऊठबस. त्यानं तिथले आक्षेप पत्रातून कळवले, आणि त्यांतला एक मोठा नेमका होता: एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा म्हणणाऱ्या धर्मावर राज्य चालेल कसं? आधी ऑगस्टिननं पत्रांतून उत्तरं दिली. मग ४१३च्या सुमारास ग्रंथच हाती घेतला. तो संपायला तेरा-चौदा वर्षं लागली. नाव 'दे चिविताते देई', म्हणजे 'देवाची नगरी', एकूण बावीस भाग. ज्याला अर्पण केला तो मार्सेलिनस त्याच ४१३ साली एका राजकीय कटाच्या आरोपाखाली मारला गेला. त्याचा शिरच्छेद करणारे अधिकारीही ख्रिस्तीच होते.

या ग्रंथाबद्दल सहसा असं सांगितलं जातं की हा जुन्या जगाला रामराम ठोकणारा ख्रिस्ती ग्रंथ आहे. मला ते अर्धंच पटतं. पहिले दहा भाग उघडून पाहा: साक्षीदार म्हणून बायबलइतकाच व्हर्जिल उभा आहे, शिवाय इतिहासकार सॅलस्ट आणि लिव्ही, वक्ता-तत्त्वज्ञ सिसेरो, पंडित व्हारो. रोमच्या आरोपाला उत्तर द्यायचं तर रोमच्याच कवीच्या तोंडून द्यायचं, ही ऑगस्टिनची चाल आहे. प्रतिपक्षाच्या शास्त्रातलं वचन काढून त्यालाच अडवायची ही वादपद्धती आपल्याकडच्या शास्त्रार्थात मुरलेल्या माणसाला नवी नाही.

पहिल्याच भागात तो विचारतो, तुम्ही म्हणता हे देव शहर राखतात. हे देव रोममध्ये आले कुठून? ट्रॉयहून, एनियसनं आणले. म्हणजे जे ट्रॉय राखू शकले नाहीत तेच. व्हर्जिलच त्यांना 'हरलेले देव' म्हणतो. ट्रॉयची वैरीण असलेल्या जूनो देवीच्या तोंडी ते शब्द आहेत, म्हणून कुणी म्हणेल की हे शत्रूचं बोलणं आहे. पण मग पुढे खुद्द ट्रॉयचा पुजारी तेच देव हातात घेऊन पळताना दिसतो, त्याचं काय? देवांनी माणसाला वाचवलं की माणसानं देवांना? ट्रॉय पडलं तेव्हा म्हातारा राजा प्रायम वेदीजवळ मारला गेला. जूनोच्या देवळात ग्रीकांनी लूट रचली आणि बायकामुलांना बंदी करून उभं केलं. आता रोमचं पाहा, असं म्हणून तो बोट दाखवतो ते पेत्र-पौलांच्या चर्चकडे: ॲलरिकच्या माणसांनी तिथे आसरा घेतलेल्यांना हात लावला नाही, आणि त्यांत जुन्या देवांचे भक्तही होते. युद्धात असं कधी ऐकलंय का? हा मुद्दा ऑगस्टिन थोडा ताणतो. ॲलरिक स्वतः ख्रिस्तीच होता, एरियसच्या पंथाचा. शहरात इतरत्र जे झालं ते नेहमीच्याच लुटीसारखं झालं, हे ऑगस्टिनलाही नाकारता येत नाही.

जाता जाता तो हेही सांगतो की मुलांना व्हर्जिल लहानपणी का वाचायला देतात: एकदा भिनला की जात नाही. आणि आधारासाठी होरेसची ओळ देतो, कोऱ्या मडक्यात पहिल्यांदा जे भरावं त्याचा वास शेवटपर्यंत राहतो. एका लॅटिन कवीबद्दलचा मुद्दा दुसऱ्या लॅटिन कवीनं सिद्ध करणारा हा बिशप स्वतःच्या मडक्याबद्दलही बोलत होता, असं मला दर वेळी वाटतं.

सगळ्यांत मजेदार वार मात्र ग्रंथात नाही, त्याच काळातल्या एका प्रवचनात आहे. 'इनीड'च्या पहिल्या सर्गात देवांचा राजा ज्युपिटर रोमकरांना वर देतो: मी तुम्हाला अंत नसलेलं राज्य दिलं. रोमच्या सगळ्या स्वप्नाचा पाया ही ओळ. ऑगस्टिन लोकांसमोर व्हर्जिलला जणू साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करतो आणि त्याच्या वतीनं बोलतो. मला ठाऊक होतं, पण मी रोमकरांना शब्द विकून पोट भरणारा, खुशामत केली नसती तर काय केलं असतं? तरी मी सावध होतो. ते वाक्य मी ज्युपिटरच्या तोंडी घातलं, देव खोटा तर वचनही खोटं. जिथे मी स्वतः बोललो, त्या शेतीवरच्या काव्यात, तिथे मात्र 'नाश पावणारी राज्यं' असंच लिहिलं आहे. खरंच तसं लिहिलं आहे. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या बारकाईनं केलेल्या वाचनाला आजचा समीक्षकही दाद देईल: पात्र काय बोलतं आणि कवी काय बोलतो यांत फरक करायचा. ग्रंथात तीच ओळ तो उचलतो आणि ज्युपिटरच्या जागी खरा देव बसवून परत म्हणतो, अंत नसलेलं राज्य तो देईल. चाल व्हर्जिलची, वचन नवीन. चालू छंदात नवं दैवत बसवण्याचं हे कसब आपल्या भाषेतही झालेलं आहे. फादर स्टीफन्सनं १६१६ साली ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं ते याच वाटेनं.

पहिल्या भागातला एक उतारा आजही अंगावर येतो. लुटीत ज्या स्त्रियांवर बलात्कार झाले त्यांना लोक विचारू लागले, जीव का नाही दिलात? रोमनांच्या डोळ्यांपुढे आदर्श होता लुक्रेशियाचा. राजपुत्रानं अत्याचार केल्यावर तिनं स्वतःला संपवलं आणि ती सतीसाध्वींची शिरोमणी ठरली. ऑगस्टिन एका वक्त्याचं जुनं वाक्य आठवतो: दोघं होती, पण पाप एकानंच केलं. मग थेट विचारतो, ती निर्दोष होती तर तिला मारलं का? तिला मारणारी तीच, म्हणजे निर्दोष बाईचा खून झालाच. मनानं ज्याला संमती दिली नाही त्यानं शील जात नाही, आणि पीडितेनं जीव द्यायला हवा होता ही अपेक्षाच चूक. पाचव्या शतकात हे लिहिणं लहानसहान गोष्ट नाही. पुढे तो या स्त्रियांच्या मनात कदाचित सूक्ष्म गर्व असेल, तो देवानं मोडला असेल, असंही म्हणतो. ते वाचवत नाही. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत.

जुन्या देवांची थट्टा हा ग्रंथाचा सर्वांत कमकुवत भाग आहे, असं माझं मत. रोमनांना घराच्या दाराला तीन देव लागत: फळ्यांचा एक, बिजागरीची एक, उंबऱ्याचा एक. ऑगस्टिन म्हणतो, माझ्या दाराला एक द्वारपाल पुरतो आणि तो नुसता माणूस आहे! हसू येतं. पण उंबरठ्यावर हळदकुंकू वाहिलेल्या घरात वाढलेल्याला हेही जाणवतं की उंबऱ्याला देव मानणाऱ्याच्या मनात काय असतं ते समजून घ्यायची त्याला गरजच वाटलेली नाही. नियतीची गंमत अशी की रोमन देवधर्मावर व्हारोनं लिहिलेले सोळा खंड काळाच्या ओघात नाहीसे झाले. त्यांतलं जे आज आपल्याला माहीत आहे ते बरंचसं ऑगस्टिननं खोडून काढण्यासाठी उतरवून घेतलं म्हणून. त्या दारावरच्या देवांची नावं जपून ठेवण्यात त्यांच्या या वैऱ्याचा मोठा हात आहे.

मग चौथ्या भागात ते प्रसिद्ध वाक्य येतं: न्याय काढून घेतला तर राज्यं म्हणजे मोठ्या दरोडेखोरांच्या टोळ्याच, दुसरं काय? आणि लगेच गोष्ट. अलेक्झांडरनं एका समुद्री चाच्याला पकडून विचारलं, समुद्रात धुमाकूळ घालतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, तू साऱ्या जगात घालतोस. माझं एक लहान जहाज म्हणून मी चोर, तुझं मोठं आरमार म्हणून तू सम्राट. ही गोष्ट ऑगस्टिनची नाही, सिसेरोनं ती आधी सांगितली होती.

सिसेरोशी त्याचा खरा वाद आहे तो राज्याच्या व्याख्येवर. सिसेरो म्हणतो, न्यायाबद्दलच्या एकमतानं आणि सामाईक हितानं बांधलेला समाज म्हणजे राष्ट्र. ऑगस्टिन म्हणतो, मग रोम कधी राष्ट्र नव्हतंच, कारण खऱ्या देवाला त्याचं देणं दिल्याशिवाय न्याय कसला. पण हे बोलून तो थांबत नाही. एकोणिसाव्या भागात दुसरी, साधी व्याख्या देतो: ज्यावर आपलं प्रेम आहे त्याबद्दल ज्यांचं एकमत, ते एक राष्ट्र. कशावर प्रेम आहे ते पाहा, म्हणजे ते राष्ट्र चांगलं की वाईट ते कळेल. या व्याख्येत रोम बसतं, अथेन्स बसतं, बॅबिलोन बसतं. मला ही व्याख्या साऱ्या ग्रंथात सर्वांत टिकाऊ वाटते, कारण तिला कुठल्याच धर्माची अट नाही.

आता 'दोन नगऱ्या'. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. मानवी इतिहासात दोन नगऱ्या आहेत असं ऑगस्टिन म्हणतो. एक स्वतःवरच्या प्रेमानं उभी राहते, देवाला तुच्छ लेखण्यापर्यंत. दुसरी देवावरच्या प्रेमानं, स्वतःला तुच्छ लेखण्यापर्यंत. चटकन वाटतं की पहिली म्हणजे रोम आणि दुसरी म्हणजे चर्च. तसं नाही. या नगऱ्यांना कोट नाहीत, वेशी नाहीत, त्यांचा नकाशा काढता येत नाही. शेवटच्या न्यायापर्यंत त्या एकमेकींत मिसळलेल्याच राहणार. आज चर्चला शिव्या देणारा उद्याचा देवनगरीचा नागरिक असू शकतो, आणि आज चर्चमध्ये गुडघे टेकणारा तिथला नसूही शकतो. कोण कुठला ते आपल्याला कळत नाही. एकदा हे मान्य केलं की युसेबियसचा तो पाटच निकामी होतो. काँस्टंटाईनचा विजय हा देवाचा पुरावा नव्हता आणि ॲलरिकची लूट हा देवाविरुद्धचाही पुरावा नाही. सज्जन-दुर्जन दोघांवर ऊनही पडतं आणि छपरंही कोसळतात. ओरोसियस नावाच्या एका तरुण धर्मगुरूनं याच सुमारास ऑगस्टिनला अर्पण करून एक इतिहास लिहिला, त्यात ख्रिस्तपूर्व काळच जास्त वाईट होता असं हिशेबानं दाखवलं. मध्ययुगात ते पुस्तक खूप चाललं. ऑगस्टिनला तो हिशेबच मान्य नव्हता.

देवनगरीचे लोक मग या जगात काय करतात? प्रवासी असल्यासारखे राहतात. प्रवाशालाही मुक्कामाच्या गावात शांतता हवी असते, म्हणून ते ज्या राज्यात असतील तिथल्या शांततेचा उपयोग करतात, तिथले कायदे पाळतात, रीतीभाती वेगळ्या असल्या तरी मोडत नाहीत, फक्त देवाच्या उपासनेत अडथळा नको. बॅबिलोनमध्ये बंदिवासात असलेल्या यहुद्यांना संदेष्टा यिर्मयानं सांगितलं होतं, त्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. ऑगस्टिन ते वचन काढतो. साम्राज्य पूजायचं नाही आणि जाळायचंही नाही.

इथे एक गोष्ट झाकता येत नाही. राज्यसत्तेला इतकं साशंकपणे पाहणाऱ्या याच माणसानं आफ्रिकेतल्या डोनाटस पंथाच्या ख्रिस्ती लोकांवर सरकारी बळ वापरायला पाठिंबा दिला. ४११ साली कार्थेजला दोन्ही बाजूंची मोठी परिषद झाली, तिचा निवाडा केला याच मार्सेलिनसनं, आणि मग कायद्यानं डोनाटसपंथीयांची चर्च काढून घेतली, दंड लावले. येशूच्या दाखल्यातल्या 'त्यांना आत येण्यास भाग पाडा' या शब्दांचा आधार ऑगस्टिननं त्यासाठी दिला. त्या आधारावर पुढच्या शतकांत काय काय झालं ते गोव्याच्या इन्क्विझिशनचा इतिहास ठाऊक असलेल्याला वेगळं सांगायला नको. नगऱ्या मिसळलेल्या आहेत, कोण कुठला ते आपल्याला कळत नाही, असं म्हणणाऱ्याच्या हातून हे झालं, आणि या दोन गोष्टींचा मेळ त्याच्या भक्तांनाही नीट घालता आलेला नाही.

राष्ट्राची ती व्याख्या ज्यात होती तो सिसेरोचा 'राज्याविषयी' हा ग्रंथ पुढे जवळजवळ नष्ट झाला. १८१९ साली व्हॅटिकनच्या ग्रंथालयात अँजेलो माई या विद्वानाला एक चर्मपत्र सापडलं. जुना मजकूर खरवडून त्यावर दुसरा लिहिलेला होता. खालचा मजकूर सिसेरोचा ग्रंथ, आणि वरचा स्तोत्रसंहितेवरचं ऑगस्टिनचं भाष्य! कुणा नक्कलकारानं चामडं वाचवायला केलेलं हे काम.

४३०च्या उन्हाळ्यात व्हँडल या दुसऱ्या जर्मानिक टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी रोमची बातमी दुरून ऐकणाऱ्याच्या दाराशी तीच पाळी आली. वेढा चालू असतानाच २८ ऑगस्टला तो वारला. त्याचा शिष्य पोसिडियस लिहितो की त्या महिन्यांत ऑगस्टिन एका ज्ञान्याचं वचन म्हणून धीर धरायचा: लाकूड-दगड पडतात आणि मर्त्य माणसं मरतात याला जो मोठी घटना समजतो तो मोठा माणूस नव्हे. हे वचन बायबलमधलं नाही. ते तत्त्वज्ञ प्लॉटिनसचं आहे, आणि प्लॉटिनस ख्रिस्ती नव्हता.

वाचायचंच असेल तर बावीस भाग सलग वाचायच्या भरीला पडू नका; पंधरा ते अठरा हे भाग बायबलमधल्या वंशावळींच्या आणि राजांच्या सनावळ्यांच्या जंगलात अडकवतात. पहिला भाग, मग चौथ्याची सुरुवातीची प्रकरणं, मग थेट एकोणिसावा. 'इनीड'चे दुसरा आणि सहावा हे सर्ग आधी वाचून ठेवा, नाहीतर वाद कुणाशी चाललाय तेच कळत नाही.